हलकं होत जाणारं पिंप

पिंप हलकं लागलं. अर्व्हिन बायल्केने तळघरातल्या फ्रीजचं दार उघडून पिंपाच्या कडीत बोटं घातली आणि ते जरासं उचलून पाहिलं. भरलेलं पिंप माणसाच्या कमरेची परीक्षा बघतं. हे निमूट वर आलं. त्याने ते खाली ठेवलं, पुन्हा उचललं. तोच अनुभव. आतली बिअर तर कुणी प्यायली नव्हती. निदान त्याच्या माहितीत तरी नाही.

सप्टेंबरात त्याने ती स्वतः उकळली होती, काळपट, भाजलेल्या जवाची, बापाच्या पद्धतीची. हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडला की पहिल्या संध्याकाळी आळीतले सगळे शिकारीच्या नारिंगी टोप्यांसकट बायल्केच्या तळघरात उतरायचे, आणि तोवर पिंपाला फार कुणी हात लावायचा नाही असा दंडक होता. अर्व्हिन अधूनमधून चवीपुरता पेला काढायचा. पत्ते कुटायला क्लॅरेन्स उटेक यायचा, तोही एखादा घ्यायचा. बस्स. दंडक पाळला जात होता आणि पिंप मात्र आटत चाललं होतं.

घरात आणखी दोन माणसं. एक बायको लॉरेटा. ती बिअरला घोड्याचं मूत म्हणायची आणि सणावाराला थोडी ब्रँडी घ्यायची. दुसरा ट्रॉय.

ट्रॉय हा एकुलता एक मुलगा. पिण्यापायी त्याची गिरणीतली नोकरी गेली, मग गाडीचं लायसन गेलं, मग बायकोने, क्रिस्टाने, त्याला घराबाहेर काढलं. गेल्या हिवाळ्यात तो उपचार घेऊन आला आणि आईबापाकडे आपल्या जुन्या खोलीत राहू लागला. तेव्हापासून तो थेंबाला शिवला नव्हता. लायसन परत मिळालं, लाकडाच्या वखारीत काम मिळालं. मिळायची राहिली होती ती फक्त लेक, ब्रिन, आणि त्याच्या लेखी तीच सगळं काही होती. हंगामाच्या पहिल्या शनिवार-रविवारी ब्रिनला बापाकडे पाठवायचं क्रिस्टाने कबूल केलं होतं. पोरगी बापाच्या शेजारी मचाणावर बसणार होती, आयुष्यात पहिल्यांदा. हे नीट पार पडलं तर पुढे दर पंधरवड्याला. अट एकच, ट्रॉय कोरडा पाहिजे, दारूचा थेंबही न घेतलेला. आणि तो कोरडा आहे की नाही हे क्रिस्टा ट्रॉयला विचारणार नव्हती. त्याच्या शब्दावर तिने फार वर्षं काढली होती, आणि दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. ती अर्व्हिनला विचारणार होती. "तुम्ही खोटं बोलत नाही," असं ती म्हणाली होती. तेव्हा अर्व्हिनची छाती इंचभर फुगली होती.

आता कुणीही म्हणेल की पिंप हलकं झालं तर आधी गळती बघावी. अर्व्हिनने बघितली की. कागदाच्या गिरणीत त्याने उभा जन्म वाफेचे पाइप जोडण्यात घालवला होता, त्याला हे कुणी शिकवायला नको होतं. त्याने साबणाचं पाणी केलं आणि दाढीच्या ब्रशाने, बिअर तोटीकडे ढकलणाऱ्या गॅसच्या टाकीच्या तोंडाला, रेग्युलेटरला, गॅसच्या नळीच्या प्रत्येक क्लिपला फासलं. एक बुडबुडा उठला नाही. पिंपाच्या झाकणाभोवती फासलं, तिथेही नाही. तोटीखाली कोरडं, फ्रीजच्या तळाला डबकं नाही. राहिली ती बिअरची नळी, पिंपावरून तोटीकडे जाणारी. ती त्याने सप्टेंबरात नवी घातली होती आणि तिचा नट स्वतःच्या हाताने आवळला होता. तिथे त्याने ब्रश नेलाच नाही. तपासायचे ते बाजारू जॉइंट. आपल्या हातचा जॉइंट काय तपासायचा? गिरणीतली पोरं म्हणायची, बायल्केने आवळलेला नट जगबुडीतसुद्धा कोरडा राहील. नळीला हात लागला तेव्हा ती ओलसर लागली होती. पण थंड नळीला घाम सुटायचाच, म्हणून त्याने हात पँटला पुसला आणि दार लावलं.

वर स्वयंपाकघरात लॉरेटा बटाटे सोलत होती.

"तू तळघरात गेली होतीस का गं?"

"नाही, कपडे धुवायचं यंत्र छपरावर आहे ना आपलं!"

"फ्रीजला हात लावलास?"

"तुझ्या त्या फ्रीजला? त्यापेक्षा सापाच्या बिळात घालीन. का, काय झालं?"

"पिंप हलकं झालंय."

"मग गळत असेल."

"माझा जॉइंट गळत नाही."

"मग तू पीत असशील आणि विसरत असशील. परवा चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधत होतास."

अर्व्हिन खिडकीतून बाहेर बघत राहिला. अंगणात ट्रॉय पानं गोळा करत होता, तोंडात पेपरमिंटची गोळी घोळवत. लॉरेटाने नवऱ्याची नजर कुठे चाललीय ते पाहिलं आणि सुरी खाली ठेवली.

"अर्व्ह, ते तोंडातून बाहेर काढू नकोस."

"मी कुठं काय म्हटलं?"

"तुझ्या कपाळावर लिहिलंय. मी सांगितलं होतं, ह्या वर्षी पिंप घरात नको. पोरगं नुकतं कुठं सावरतंय."

"तो म्हणाला ना, मला चालतं म्हणून."

"चालतं म्हणाला! स्वतःच्या बापाच्या घरात राहतोय तो. काय म्हणणार होता, उचल तुझं पिंप आणि टाक नदीत?"

हे खरं होतं, आणि म्हणूनच अर्व्हिनला ते आवडलं नाही. पिंप हे काही नुसतं पिंप नव्हतं. बापाच्या वेळेपासून हंगामाची पहिली बिअर बायल्केकडची. ती परंपरा पोराच्या पायी मोडायची म्हणजे पोराचा आजार साऱ्या गावाला ओरडून सांगायचा, असं त्याचं म्हणणं होतं. शिवाय पुढ्यात असून न पिणं हाच खरा संयम, असंही तो म्हणायचा. ज्याला कधी व्यसन लागलं नाही त्याला असली तत्त्वं फार सुचतात.

एकदा संशय आला की त्याला खाऊ घालावं लागत नाही, तो स्वतःच चरतो. ट्रॉयच्या तोंडात सदा पेपरमिंट. का बरं? कशाचा तरी वास लपवायला. ट्रॉयचे डोळे संध्याकाळी लाल. वखारीतल्या भुशाने, म्हणे. ट्रॉय आठवड्यातून दोनदा जेवण झाल्यावर बाहेर पडायचा. चर्चच्या मागच्या खोलीत दारू सोडलेल्यांची बैठक असते, म्हणे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ज्या पोराने लहानपणी मोजा कधी जमिनीवरून उचलला नाही तो आता स्वतःचे कपडे स्वतः धुवायला लागला होता, आणि ते यंत्र कुठे? तळघरात, फ्रीजपासून हाताच्या अंतरावर. आधी लॉरेटाला ह्याच गोष्टीचं कौतुक वाटायचं आणि अर्व्हिनलाही. आता अर्व्हिन जिन्याच्या तोंडाशी उभा राहून यंत्राचा आवाज ऐकायचा आणि त्या आवाजाखाली दुसरा कुठला आवाज दडलाय का ते शोधायचा.

त्याने तोटीला कुलूप लावलं. तोटीच्या दांड्यावर बसणारं छोटं पितळी कुलूप, किल्ली त्याच्या खिशात.

त्या आठवड्यात क्लॅरेन्स पत्ते खेळायला आला आणि कुलूप बघून थबकला. "हे काय रे? माझ्यासाठी? मी एवढा कधी प्यायलो तुझ्याकडे?"

"तुझ्यासाठी नाही."

"मग?"

अर्व्हिन पत्ते पिसत राहिला. वर ट्रॉयच्या खोलीत पावलं वाजली तसे क्लॅरेन्सचे डोळे छताकडे गेले आणि परत पत्त्यांवर आले. त्याने पुढे विचारलं नाही, आणि अर्व्हिनने त्याचा गैरसमज दूर केला नाही. गैरसमज आहे असं त्याला वाटतच नव्हतं.

कुलूप लावूनही पिंप हलकं होत गेलं. अर्व्हिनने न्हाणीघरातला वजनकाटा खाली आणून खात्री करून घेतली. म्हणजे पोरगा तोटीच्या भानगडीत पडतच नसणार. फ्रीज उघडायचा, पिंपावर बिअरची नळी जोडणारी काळी टोपी काढून दुसरी छोटी नळी बसवायची, आणि प्यायचं. तसली नळी अर्व्हिनच्याच खोक्यात पडलेली होती. त्याने खोकं उघडून पाहिलं. नळी जागेवर होती, पण पुसल्यासारखी स्वच्छ वाटली. मग त्याने फ्रीजच्या दाराला खालच्या बाजूला रंगाऱ्याची कागदी चिकटपट्टी लावली, बोटाएवढी. सकाळी बघतो तो पट्टी एका टोकाने सुटलेली. तळघरातल्या गार पत्र्यावर चिकटपट्टी टिकत नाही हे त्याला एरवी कुणीही न सांगता कळलं असतं. पण त्या सकाळी तो जिन्यावर बसून राहिला आणि त्याला रडू येईलसं झालं. चोर पकडल्याचा आनंद त्यात कुठेच नव्हता. त्याला पोरगा खोटा ठरायला नको होता, आणि तरी तो त्याला खोटा ठरवण्यासाठी धडपडत होता.

शनिवारी रात्रीच्या जेवणाला सॉसेज आणि आंबट कोबी होता. ट्रॉय खूश होता. ब्रिनसाठी त्याने नारिंगी टोपी आणली होती, ती त्याने टेबलावर ठेवली. लॉरेटाने ती हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहिली.

"मोठी होईल रे तिला."

"डोकं वाढेल की. बायल्केंची डोकी वाढतच जातात." मग बापाकडे वळून तो म्हणाला, "डॅड, एक सांगू? खाली यंत्रापाशी वास येतोय. बिअरचा. आंबलेल्या बिअरचा. बरेच दिवस येतोय."

अर्व्हिनचा काटा हवेतच राहिला. "मला नाही आला कधी."

"मला येतो."

"तुला बरा येतो!"

ट्रॉयने बापाकडे पाहिलं, मग ताटात पाहिलं. "हो," तो हळूच म्हणाला, "मला येतो." आणि उरलेला कोबी त्याने न बोलता संपवला.

खरा चोर स्वतःहून गुन्ह्याच्या जागेचं नाव घेईल का? पण अर्व्हिनच्या मते हा चोराच्या उलट्या बोंबांचाच प्रकार होता. म्हणजे अंगाला वास आला तर आधीच सांगून ठेवलेलं बरं, की वास तळघराचा आहे. लॉरेटाने त्याला टेबलाखालून लाथ मारली, ती त्याने पचवली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, क्रिस्टाचा फोन आला. हवापाण्याचं बोलणं झालं, ब्रिनच्या शाळेचं झालं. मग ती म्हणाली, "अर्व्हिन, पुढचा शनिवार जवळ आलाय. मला एकच सांगा. तो कोरडा आहे ना?"

"हो" म्हणायला काय लागत होतं? पण अर्व्हिन खोटं बोलत नसे, ह्याचा त्याला फार अभिमान होता. तो गप्प राहिला. इतका वेळ गप्प राहिला की पलीकडून "अर्व्हिन?" असं पुन्हा आलं.

"मी त्याला पिताना पाहिलेलं नाही," तो म्हणाला.

"हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही."

"तळघरात माझं पिंप आहे. कुलूप लावलंय. तरी ते हलकं होतंय, क्रिस्टा. कोण पितंय ते मला माहीत नाही."

पलीकडे एक मोठा श्वास ऐकू आला. "थँक यू, अर्व्हिन," ती म्हणाली. "स्वतःच्या मुलाबद्दल हे बोलणं तुम्हाला किती जड गेलं असेल ते मला कळतं." आणि फोन बंद झाला.

सोमवारी ट्रॉय वखारीतून आला तो सरळ स्वयंपाकघरात. बूटही काढले नाहीत. "ब्रिन येत नाहीये," तो म्हणाला. "ह्या शनिवारी नाही. पुढचं पुढे बघू म्हणाली." लॉरेटा चुलीपासून वळली. तिने आधी मुलाकडे आणि मग नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने नेमका त्याच वेळी वर्तमानपत्राचा कोपरा नीट केला. ट्रॉयने का, कसं, कोण काय बोललं, काही काढलं नाही. टेबलावरची नारिंगी टोपी उचलून तो खोलीत गेला.

त्या दिवसापासून लॉरेटाने अर्व्हिनशी बोलणं टाकलं. कॉफी मिळत होती, पण कप आपटून.

अर्व्हिनला वाटलं होतं, खरं बोलल्यावर जीव हलका होईल. तसं काही झालं नाही. मग गुरुवारी दुपारी, घरात कुणी नसताना, त्याने ठरवलं की पिंप क्लॅरेन्सच्या गॅरेजात नेऊन ठेवायचं. मोहाची वस्तूच घरात नको. हे शहाणपण सप्टेंबरात सुचलं असतं तर बायकोने निदान त्याचा मुका घेतला असता.

त्याने गॅस बंद केला, दाब सोडला, आणि पिंपावरची काळी टोपी काढण्यासाठी नळीभोवती मूठ आवळली. मूठ चिकटली. त्याने हात उघडून पाहिला. ओलावा होताच, पण तो घामासारखा नव्हता. आणि आत्ता घाम आलाच कुठून? बाहेर नोव्हेंबर, घर तापवणारी भट्टी दिवसरात्र चालू, हवा इतकी कोरडी की लॉरेटाचे ओठ फुटले होते. खिडकीच्या काचेवर दव धरत नाही ते ह्या नळीवर का धरावं?

त्याने बोट चाटलं.

बिअर. आंबूस, शिळी, पण त्याचीच. खात्री करायला त्याने नळीवरून पुन्हा बोट फिरवलं आणि पुन्हा चाटलं. मग पिंप बाहेर ओढलं, गॅस परत सोडला आणि चष्मा नाकावर ओढून बघत बसला. टोपीला जिथे नळीचा नट बसतो तिथे एक थेंब जमत होता. जमला, फुगला, नळीवरून घसरत मागे गेला. फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यातून खाली, तळाला पाणी जायला त्याने फार पूर्वी भोक पाडून ठेवलं होतं त्यात, तिथून पाइपने थेट यंत्रापाशी जमिनीतल्या मोरीत. डबकं कशाला होईल? त्याने स्वतःच केलेली सोय होती ती, तळघर खराब होऊ नये म्हणून. अर्व्हिन गुडघ्यांवर बसला आणि मोरीच्या जाळीला नाक लावलं. वास आला. बरेच दिवसांचा.

त्याने गॅस पुन्हा बंद करून पान्याने नट सोडवला. आट्यांवर पांढरी टेप गुंडाळलेली होती, सफाईने, एकसारख्या वेढ्यांत. त्याच्याच हातची. वाफेच्या पाइपाला टेप लागते, कारण तिथे आटेच गळती अडवतात. ह्या असल्या नटाला टेप लावायची नसते. इथे गळती अडवतो तो आतला एवढासा प्लास्टिकचा वॉशर, आणि नट हाताने बसवून पान्याने नुसता चिमूटभर फिरवायचा असतो. अर्व्हिनने गिरणीतल्या सवयीने टेप लावली होती आणि गिरणीतल्याच ताकदीने आवळला होता. वॉशर मधोमध फुटला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. ह्या बाबाने तर वळसा घालता घालता स्वतःच्या पोराच्या घरावरून नांगर फिरवला होता.

टेप ओरबाडून काढताना दाब पुरता गेलेला नव्हता, एक फवारा उडाला आणि त्याच्या शर्टाची बाही कोपरापर्यंत भिजली. त्याने नवा वॉशर घातला, नट हाताने बसवला, पान्याने जरासा. मग गॅस सोडून बघत बसला. थेंब आला नाही. गुडघे दुखायला लागले तरी आला नाही. त्याला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

वर दार वाजलं. ट्रॉय आला होता. अर्व्हिन जिन्याच्या तळाशी जाऊन उभा राहिला.

"ट्रॉय. गळत होतं. माझा जॉइंट."

ट्रॉय वरच्या पायरीवर होता. तो खाली आला नाही. "वाटलंच होतं मला," तो म्हणाला. "वास येत होता ना."

"मग फ्रीज उघडून दाखवायचं होतंस मला! हात धरून आणायचं होतंस!"

"डॅड," ट्रॉय म्हणाला, "यंत्र लावतो तेव्हा मी त्या फ्रीजकडे पाठ करून उभा राहतो. तो उघडला असता ना, तर मला परत लावता आला नसता."

अर्व्हिन मुलाच्या शेजारून वर आला, खुंटीवरचं जॅकेट काढलं आणि क्रिस्टाला फोन लावला. ती उचलेना. पुन्हा लावला. उचलेना. "मी जाऊन येतो," असं म्हणून तो ट्रकमध्ये बसला. असल्या गोष्टी फोनवर बिघडवता येतात, दुरुस्त करायला समोरच जावं लागतं, एवढं त्याला कळलं होतं.

क्रिस्टाचं घर पुलापलीकडे. उजेड अजून होता. तिने दार उघडलं, आणि अर्व्हिनने पायरीवरूनच सुरुवात केली, धावत आल्यासारखी. "तो प्यायलेला नाही. ट्रॉय. एक थेंब नाही. पिंप गळत होतं. मी टेप लावली होती, ती लावायची नसते, वॉशर फुटला, आणि खाली भोक आहे ना, त्यातून सगळं मोरीत..."

क्रिस्टा मागे सरली. तिचं नाक किंचित आक्रसलं.

"अर्व्हिन," ती म्हणाली, "तुम्ही प्यायलाय?"

"मी? छे! बाहीवर उडाली. दुरुस्त करताना."

"तोंडाला वास येतोय तुमच्या."

अर्व्हिनने तोंड मिटलं. मग उघडलं. "चाखली फक्त. बोटाने. बिअर आहे की पाणी ते बघायला."

बोलता बोलताच त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला. शब्द न् शब्द खरा होता, आणि ऐकायला एकही खरा वाटत नव्हता. क्रिस्टाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर तो भांडला असता. तिथे नुसता थकवा होता, आणि थोडी दया.

"ट्रकची किल्ली द्या," ती म्हणाली.

"अगं, पण मी..."

"मला कळतं, अर्व्हिन. रविवारी तुम्ही खरं बोललात, आणि आता ते तुम्हाला सोसवत नाहीये. म्हणून दोन घोट घेऊन मुलाला सावरायला आलात. कुठलाही बाप येईल. पण ह्या अवस्थेत मी तुम्हाला पुलावरून जाऊ देणार नाही. किल्ली द्या, मी सोडते."

तो पुष्कळ बोलला. जितकं बोलला तितकं ते वाईट दिसत गेलं. वॉशर म्हणताना त्याची जीभ अडखळली, ती सुद्धा भावनेने. पण ते कुणाला सांगायचं? शेवटी त्याने किल्ली दिली. पोरीला एकटी ठेवता येईना, म्हणून क्रिस्टाच्या गाडीत ब्रिनही मागे बसली. आजोबा पुढे, पट्टा लावलेला, मांडीवर हात ठेवून. ती एकदाच पुढे वाकली. "आजोबा, तुम्हाला बरं नाही का?" क्रिस्टा म्हणाली, "मागे बस, ब्रिन."

ट्रॉय ओसरीवर उभा होता. क्रिस्टाची गाडी बघून तो पायऱ्या उतरून आला. ब्रिनने काचेला हात लावला. त्याने बाहेरून तिथेच आपला लावला. मग क्रिस्टा उतरली आणि गाडीला वळसा घालून त्याच्यासमोर उभी राहिली.

"तुझ्या वडिलांना आत ने. प्यायलेत. ट्रक माझ्या दारात आहे."

ट्रॉयने वाकून बापाकडे पाहिलं. अर्व्हिनने मान वर केली नाही. त्याच्या शर्टाचा वास तिथपर्यंत येतच असणार.

"डॅड, प्यायलास तू?"

"नाही," अर्व्हिन म्हणाला. "बोट चाटलं. दोनदा."

ट्रॉय सरळ उभा राहिला. "नाही प्यायलेला तो."

"ट्रॉय, वास येतोय त्यांना. तुला तर कळायला हवा."

"येतोय की."

"मग एवढ्या खात्रीने कसं सांगतोस?"

"आत्ता विचारलं ना मी त्याला," ट्रॉय म्हणाला. त्याने अर्व्हिनच्या बाजूचं दार उघडलं आणि बापाचा पट्टा सोडवायला हात आत घातला.

क्रिस्टा ट्रॉयच्या अगदी जवळ उभी होती, वर्षभरात नव्हती इतकी जवळ, आणि तिथून तिला फक्त पेपरमिंटचा वास येत असणार. तिने मुठीतली किल्ली पाहिली, आणि ती अर्व्हिनला न देता ट्रॉयच्या हातात दिली.

"शनिवारी पहाटे ट्रक न्यायला ये," ती म्हणाली. "तू ये. ह्यांना पाठवू नकोस. ब्रिन तयार असेल."

अर्व्हिन मुलाच्या खांद्याला धरून गाडीतून उतरला. आधाराची गरज नव्हती, पण मुलाने खांदा पुढे केला होता. ह्यापेक्षा पोराने दोन शिव्या घातल्या असत्या तर सोसलं असतं, असं त्याला वाटलं. दारात लॉरेटा उभी होती. तिने ओल्या बाहीकडे पाहिलं, नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि चार दिवसांत पहिल्यांदा ती त्याच्याशी बोलली.

"आत ये," ती म्हणाली. "जेवण निवतंय."